सत्ताविसावा आणि अठ्ठाविसावा प्रश्न

फेब्रुवारी १९४३ मध्ये अमेरिकेतील दहा छावण्यांत, काटेरी तारांच्या आत राहणाऱ्या, जपानी वंशाच्या, सतरा वर्षांवरील प्रत्येक माणसासमोर एक छापील अर्ज ठेवण्यात आला. नातेवाईक कोठे असतात, कोणती वर्तमानपत्रे वाचता, कोणत्या संस्थांचे सभासद आहात, जपानी भाषा कितपत येते, कोणते खेळ आणि छंद आवडतात, अशी बारीकसारीक चौकशी त्यात होती. छावणीतील घराघरांत भांडणे लागली ती मात्र सत्ताविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या प्रश्नांवरून. अमेरिकेच्या सैन्यातून, जेथे पाठवले जाईल तेथे, प्रत्यक्ष लढाईवर जाण्याची तुमची तयारी आहे काय, असे सत्ताविसावा विचारत होता. अठ्ठाविसावा विचारत होता की तुम्ही अमेरिकेशी निःशंक एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्याल काय आणि जपानच्या सम्राटावरील निष्ठेचा त्याग कराल काय.

ज्यांना हे विचारले जात होते त्यांना सरकारने वर्षभरापूर्वीच घरातून उचलले होते. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला. त्या आदेशात जपानी हा शब्द एकदाही येत नाही. लष्करी अधिकाऱ्यांना वाटेल त्या प्रदेशातून वाटेल त्या माणसांना हलवण्याचा अधिकार तेवढा त्यात दिलेला आहे. त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरे, शेते, दुकाने, मासेमारीच्या बोटी मिळेल त्या भावात विकून, हातात मावेल एवढेच सामान घेऊन निघावे लागले. त्यांच्यातील दोन तृतीयांश लोक अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे जन्माने नागरिक होते. छावण्या तयार होईपर्यंत अनेकांना शर्यतीच्या मैदानांवरील घोड्यांच्या तबेल्यांत ठेवले. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला टॅनफोरान येथे असे एक मैदान होते, जेथे पुढे मोठे बाजारसंकुल उभे राहिले. त्या भागात राहायला आल्यावर मी तेथे अनेकदा खरेदीला गेलो, पण ही जागा कशाची आहे हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. तेथील रेल्वे स्थानकापाशी आता स्मारक आहे.

या प्रकरणाविषयी वाचताना मला सर्वांत जास्त खटकते ती त्या अर्जाची वेळ. निष्ठेची चौकशी आधी आणि कारवाई नंतर, हा कोणत्याही शहाण्या राज्याचा क्रम झाला. येथे आधी शिक्षा झाली आणि वर्षभराने, तीही सैन्यात माणसे हवी होती आणि छावण्यांतून काहींना बाहेर कामावर पाठवायचे होते म्हणून, निष्ठेची विचारपूस सुरू झाली.

वयस्कर पिढीची अडचण वेगळीच होती. जपानहून आलेल्या पहिल्या पिढीला इस्सेई म्हणतात आणि तिच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना निसेई. इस्सेईंना अमेरिकेचे नागरिक होण्याची कायद्याने बंदी होती. १७९० च्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व फक्त गोऱ्या, स्वतंत्र माणसांना मिळत असे. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, आशियातील लोक बाहेरच राहिले. ताकाओ ओझावा नावाच्या गृहस्थांनी यावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ते कॅलिफोर्नियात शिकले होते, घरात इंग्रजी बोलत होते आणि आपण मनाने सच्चे अमेरिकी आहोत असे त्यांचे म्हणणे होते. १९२२ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की कायद्यातील गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी माणूस त्यात बसत नाही.

आपण भारतीयांनी याच्या पुढची गोष्ट जरूर वाचावी. अवघ्या तीन महिन्यांनी त्याच न्यायालयासमोर भगतसिंग थिंद यांचा खटला आला. थिंद पंजाबी शीख होते आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचा गणवेश घालून त्यांनी नोकरी केली होती. त्यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. युक्तिवाद असा होता की त्या काळच्या वंशशास्त्रानुसार उत्तर भारतीय कॉकेशियनच ठरतात, तेव्हा ओझावा खटल्याची कसोटी थिंद यांना लागू करावी. (या युक्तिवादाला उच्चवर्णीय अहंकाराचा वास येतो हे मान्य करावेच लागेल, वंशाची उतरंड चुकीची आहे असे न म्हणता आम्ही तिच्या वरच्या पायरीवर आहोत असे म्हणणारा तो होता.) ओझावांचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सदरलँड यांनीच हाही निकाल लिहिला आणि या वेळी सांगितले की शास्त्र काय म्हणते ते महत्त्वाचे नाही, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. हा निकाल १९ फेब्रुवारी १९२३ चा. त्यानंतर आधीच नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. खुद्द पंडितांवरही तशी कारवाई सुरू झाली आणि न्यायालयात लढून त्यांनी आपले नागरिकत्व टिकवले. सैन्यातील नोकरी ही निष्ठेची सर्वांत मोठी साक्ष मानली तर थिंद यांनी ती आधीच दिलेली होती आणि तिचा काहीही उपयोग झाला नव्हता. रूझवेल्ट यांच्या आदेशावर बरोबर एकोणीस वर्षांनी तीच तारीख पडावी हा योगायोगच, पण माझ्या मनातून तो जात नाही.

तर अशा इस्सेईंना, ज्यांना अमेरिकेने नागरिक होऊच दिले नव्हते, अठ्ठाविसाव्या प्रश्नाने जपानशी असलेला एकमेव कायदेशीर धागा तोडायला सांगितले. हो म्हणावे तर कोणत्याच देशाचे राहणार नाही, नाही म्हणावे तर शत्रू ठरणार. इकडे आड तिकडे विहीर. त्यातच इस्सेईंसाठी आणि स्त्रियांसाठी जो अर्ज होता त्यात सत्ताविसावा प्रश्न लष्करी परिचारिका दलात किंवा महिलांच्या सहायक दलात जाण्याची तयारी आहे काय असा होता, आणि तो साठी उलटलेल्या पुरुषांच्याही हाती पडला. नंतर अधिकाऱ्यांनी घाईघाईने इस्सेईंपुरता अठ्ठाविसावा प्रश्न बदलला आणि अमेरिकेचे कायदे पाळाल व युद्धकार्यात अडथळा आणणार नाही एवढीच हमी मागितली. सुरुवातीलाच एवढे विचारले असते तर बरेच काही टळले असते.

तरुण निसेईंची कोंडी निराळी होती. ज्या सम्राटाशी आपण कधी निष्ठा बाळगलीच नाही तिचा त्याग करतो असे लिहून देणे म्हणजे ती आजवर होती अशी कबुली देण्यासारखे होते. सैन्यात जाण्याला होकार दिला तर आईवडिलांना तारांच्या आत सोडून आपल्यालाच लढाईवर नेतील काय, नकार दिला तर कुटुंबाची ताटातूट होईल काय, याचे उत्तर कोणाकडेही नव्हते. काहींनी अटी घालून होकार लिहिला: आधी आमचे नागरिकांचे हक्क परत द्या, मग जरूर लढू. प्रशासनाने अशी सशर्त उत्तरेही संशयास्पद मानली. एका नागरिकाने आपल्या सरकारला देण्याजोगे सर्वांत समंजस उत्तर तेच होते, असे माझे मत आहे.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज भरला, तेव्हा त्यातही कायद्याने आवश्यक ठरल्यास देशासाठी शस्त्र धारण करण्याची तयारी आहे काय असा प्रश्न होता, आणि शपथेत परकी सत्तांवरील निष्ठेचा त्याग करण्याचे कलम होते. मी दोन्हींना फारसा विचार न करता होकार दिला. मला तो इतका सहज देता आला, कारण मी माझ्या घरात बसून, स्वतःच्या इच्छेने, काही मिळवण्यासाठी तो अर्ज भरत होतो. बाहेर पहारेकऱ्यांचे मनोरे असते तर त्याच वाक्याचा अर्थ किती बदलला असता, हे १९४३ चा अर्ज वाचताना उमगते.

मुळात धोका खरोखर होता काय, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला होता. नौदलाच्या गुप्तचर विभागातील केनेथ रिंगल या अधिकाऱ्याने जपानी वस्त्यांचा जवळून अभ्यास करून कळवले होते की संशय घेण्याजोगी माणसे फार थोडी आहेत, त्यांतील बहुतेकांची नावे आधीच माहीत आहेत, आणि प्रत्येकाचा निर्णय वंशावरून न करता व्यक्ती म्हणून करावा. अंतर्गत गुप्तचर यंत्रणेचे प्रमुख एडगर हूव्हर यांनाही सरसकट स्थलांतर अनावश्यक वाटत होते आणि देशाचे महान्यायवादी फ्रान्सिस बिडल यांचा त्याला विरोध होता. पश्चिम किनाऱ्याचे लष्करप्रमुख जनरल जॉन डेविट यांनी मात्र आपल्या शिफारशीत जपानी वंश हा शत्रुवंश आहे असे लिहिले आणि पुढे असा तर्क मांडला की आजपर्यंत एकही घातपात झालेला नाही, हेच तो होणार असल्याचे अस्वस्थ करणारे लक्षण आहे. हा तर्क मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा थक्क होतो. घातपात केला तर दोषी, न केला तर अधिकच दोषी! कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे महान्यायवादी अर्ल वॉरन यांनीही अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, समितीपुढे जवळजवळ हेच सांगितले. हेच वॉरन पुढे सरन्यायाधीश झाले आणि १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल त्यांनी लिहिला. माणसे एकाच रंगाची नसतात.

या तर्कातील फोलपणा हवाई बेटांवर उघडा पडतो. हल्ला झाला तो तेथे. तेथे दीड लाखाहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून जास्त लोक जपानी वंशाचे होते. धोका कोठे असेल तर तेथेच असायला हवा होता. तरीही लष्करी कायदा लागू करून, दोन हजारांहून कमी लोकांना अटकेत ठेवून, बाकीच्यांना कामावर राहू दिले, कारण त्यांच्याशिवाय बेटांवरील गोद्या, मळे आणि बांधकामे चालली नसती. किनाऱ्यावरील कॅलिफोर्नियात हे लोक दोन टक्क्यांहून कमी होते आणि तेथील गोऱ्या शेतकऱ्यांना त्यांच्या भाजीपाल्याच्या स्पर्धेचा जाच होता. सलिनास भागातील उत्पादकांच्या संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याने तर स्वार्थासाठीच आम्हांला हे लोक येथून जायला हवे आहेत, हे एका साप्ताहिकाला उघड सांगून टाकले होते. जर्मनी आणि इटलीशीही अमेरिकेचे युद्ध चालू होते. त्या देशांच्या हजारो नागरिकांना पकडले गेले, पण व्यक्तीची चौकशी करून. जर्मन वंशाच्या कुटुंबांना लेकराबाळांसह गावेच्या गावे रिकामी करायला कोणी लावली नाहीत. जपानी वंशाच्या अनाथालयातील मुलांनाही मात्र मॅन्झनारच्या छावणीत नेण्यात आले. पाळण्यातील अनाथ मूल कोणत्या सम्राटाशी संधान बांधणार होते?

सुमारे ७५,००० लोकांनी अर्ज भरले आणि त्यांपैकी ६५,००० हून अधिक जणांनी अठ्ठाविसाव्या प्रश्नाला निखळ होकार दिला. दोन्ही प्रश्नांना नाही लिहिणाऱ्यांना 'नो-नो' म्हणू लागले आणि अशांना व त्यांच्या कुटुंबांना उत्तर कॅलिफोर्नियातील टूली लेकच्या छावणीत वेगळे काढण्यात आले. तेथे रणगाडे आले, लष्करी कायदा आला, तुरुंगात तुरुंग बांधला गेला. अशा वातावरणात १९४४ च्या नव्या कायद्याचा आधार घेऊन साडेपाच हजारांहून अधिक जणांनी अमेरिकी नागरिकत्वाचा त्याग केला. संताप, भीती, कुटुंब एकत्र ठेवण्याची धडपड आणि टोळक्यांची दमदाटी या सर्वांचा त्यात वाटा होता. तो त्याग दबावाखाली झाला होता हे न्यायालयात सिद्ध करण्यासाठी वेन कॉलिन्स नावाचे वकील १९६८ पर्यंत एकेका माणसाचा खटला चालवत राहिले. निष्ठा मोजायला निघालेल्या सरकारने स्वतःच्या हाताने अनिष्ठा तयार केली, असे येथे म्हणावेसे वाटते.

होकार देणाऱ्यांतून आणि हवाईतील तरुणांतून उभी राहिलेली ४४२ वी पलटण इटली व फ्रान्समध्ये ज्या शौर्याने लढली त्याची कथा अमेरिकेत पुष्कळ सांगितली जाते. फ्रान्सच्या वोझ डोंगरात वेढल्या गेलेल्या टेक्सासच्या तुकडीला सोडवताना तिचे शेकडो जवान पडले किंवा जखमी झाले. त्यांच्याविषयी आदर बाळगूनही मला ती कथा एकटीच सांगितलेली आवडत नाही, कारण तिच्यातून नकळत असा अर्थ निघतो की रक्त सांडून निष्ठा सिद्ध केल्यावरच हक्क मिळणे योग्य. सैन्यभरतीची सक्ती पुन्हा लागू झाली तेव्हा वायोमिंगमधील हार्ट माउंटन छावणीतील ६३ तरुणांनी, आमचे हक्क परत मिळेपर्यंत जाणार नाही, असे सांगून तुरुंगवास पत्करला. त्यांच्याच समाजातील पुढाऱ्यांनी त्यांना कित्येक वर्षे भित्रे ठरवले. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना माफी दिली. समाजाची माफी मिळायला आणखी अर्धे शतक लागले.

या साऱ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती मित्सुये एंडो. सॅक्रामेंटोत राज्य सरकारच्या कार्यालयात टंकलेखन करणारी ही मुलगी ख्रिस्ती होती, जपानला कधी गेलेली नव्हती, आणि तिचा भाऊ अमेरिकी सैन्यात होता. तिच्या नावाने १९४२ मध्ये सुटकेची याचिका दाखल झाली. सरकारने तिला सोडण्याची तयारी दाखवली. अट एवढीच की किनाऱ्यावर परतायचे नाही. ती सुटली असती तर याचिकाही निकालात निघाली असती. तिने नकार दिला आणि खटला टिकावा म्हणून ती छावणीतच राहिली. १८ डिसेंबर १९४४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की जी निष्ठावान आहे असे सरकारच मान्य करते तिला डांबून ठेवण्याचा अधिकार नाही. त्याच दिवशी, त्याच न्यायालयाने, आदेश मोडून घरीच राहिल्याबद्दल शिक्षा झालेल्या फ्रेड कोरेमात्सूच्या खटल्यात, सहा विरुद्ध तीन मतांनी त्याला किनाऱ्यावरून हुसकावणे मात्र वैध ठरवले. १९८३ मध्ये कोरेमात्सूची शिक्षा रद्द झाली, कारण सरकारी वकिलांनी न्यायालयापासून पुरावे दडवले होते हे उघड झाले. एकेकाची निष्ठा तपासायला वेळ अपुरा होता, असे सरकारने न्यायालयात सांगितले होते, पण डेविट यांच्या अहवालाच्या मूळ प्रतीत ते कारण नव्हते. निष्ठावान कोण आणि नाही कोण हे या वंशात ओळखताच येणार नाही, असे म्हटले होते. ती प्रत जाळण्याचे आदेश निघाले होते आणि वाचलेली एक प्रत आयको हेर्झिग-योशिनागा यांना अभिलेखागारात सापडली. त्या स्वतः तरुणपणी छावणीत राहिलेल्या होत्या. १९८८ च्या कायद्याने अमेरिकेने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले.

या इतिहासाचे एक टोक गोव्याला येऊन टेकते. ऑक्टोबर १९४३ मध्ये ग्रिप्सहोम हे स्वीडिश जहाज अमेरिका खंडातील सुमारे दीड हजार जपान्यांना घेऊन मुरगाव बंदरात आले आणि तेया मारू हे जपानी जहाज तेवढ्याच अमेरिकी व मित्रदेशीय लोकांना घेऊन. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे ही अदलाबदल तेथे झाली. जपानकडे जाणाऱ्यांत अमेरिकेत जन्मलेली, जपान कधीही न पाहिलेली मुलेही होती. त्याच काळात ब्रिटिश सरकारने भारतात जर्मन नागरिक म्हणून पकडलेल्यांत हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यू होते आणि त्यांतील काहींना पुरंदर किल्ल्यावर व साताऱ्यात ठेवले होते. मलाया-सिंगापुरातून आणलेल्या जपानी कुटुंबांना आधी दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात आणि नंतर राजस्थानातील देवलीच्या छावणीत हलवले. हीच ती देवली, जेथे थोड्याच काळापूर्वी कॉम्रेड डांगे आणि जयप्रकाश नारायण स्थानबद्ध होते.

देवली पुन्हा भरली ती स्वतंत्र भारतात. १९६२ च्या चीन युद्धात आसाम, शिलाँग आणि दार्जिलिंग परिसरातील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना रेल्वेने हजारो किलोमीटर दूर तेथे नेण्यात आले. त्यांतील अनेकांच्या कुटुंबांना भारतात पिढ्या लोटल्या होत्या. चहाच्या मळ्यांत कामासाठी आणलेल्या चिनी कामगारांचे ते वंशज होते. त्यासाठी केलेल्या कायद्याने आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी कोणीही एक शत्रुदेशाचा नागरिक असला तरी माणसाला परकीय मानण्याची सोय केली होती. लढाई महिन्याभरात संपली, पण काही जण १९६७ पर्यंत आत होते. अमेरिकेत राहणारे माझे मराठी स्नेही मॅन्झनार पाहून आले की हळहळतात, आणि ते योग्यच आहे. देवलीचे नाव काढले की मात्र तेव्हा युद्ध चालू होते, असे उत्तर मिळते. डेविटही वेगळे काही म्हणत नव्हते. आसामातील माकूमला परतलेल्या काहींची घरे व दुकाने तोपर्यंत शत्रूची मालमत्ता म्हणून लिलावात गेली होती, आणि त्यांच्यातील बरेच जण पुढे टोरोंटोला गेले. तेथून ते भारत सरकारकडे माफी मागत आले आहेत. ती अजून मिळालेली नाही.